पळसाच्या पानांचा नाना

नाना, तू दुसऱ्यांदा मेलास तेव्हा मी मुंबईला कॉलेजात जपानच्या इतिहासाच्या तासाला बसलो होतो. सर सांगत होते की लढाई हरल्यावर जपानच्या सम्राटाने आपण देव नाही, माणूस आहोत असं जाहीर केलं आणि लोकांनी ते मुकाट्याने ऐकून घेतलं. मी ते उतरून घेत होतो आणि मनात चडफडत होतो. एवढ्या मोठ्या सम्राटाला जे जमलं ते आमच्या नानाला जमू नये? तुला तर फक्त 'मी जिवंत आहे' एवढंच जाहीर करायचं होतं, तेही चार माणसांत, आपल्याच ओटीवर. तेवढ्यात शिपाई मला बोलवायला आला. खाली आपल्या गावचा, पळसदरीचा माणूस उभा होता.

सरांना कळल्यावर ते म्हणाले, "चुलत्यांवर कॉलेजच्या अंकात लिही. जपान्यांच्या हातून सुटून आलेला माणूस तुमच्या घरात होता, ही लहान गोष्ट नाही." मी लिहायला बसलो. जन्म, नोकरी, मृत्यू अशा क्रमाने जायचं ठरवलं आणि मृत्यूपाशीच अडलो. तुझ्या मरणाचं वर्ष कोणतं लिहायचं? गावाच्या मते एक, सरकारी दप्तरात दुसरं. साधं मरणसुद्धा तू सरळ ठेवलं नाहीस. म्हणून मग वाटलं, तुझ्याशीच बोलावं. आपल्या घरात मेलेल्या माणसाला लिहिण्याची रीत नाही. जिवंत माणसालाही नव्हती, कारण लिहिता येणारा मीच पहिला. चुकलंमाकलं तर सांभाळून घे.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नाही, म्हणून थोडं मागचं सांगतो. तू बाचा धाकटा भाऊ. ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेच्या गँगवर होतास. लढाई सुरू झाल्यावर फौजेला रूळ टाकणारी माणसं हवी होती, तर तू नाव दिलंस. बा नको म्हणत होता. तू म्हणालास, "अरं दादा, रूळ ते रूळ. इथं डोंगर, तिथं दर्या." आणि गेलास सिंगापूरला. काकीला तेव्हा नवी नवरी म्हणत असत.

मग सिंगापूर पडलं. मी कर्जतच्या शाळेत होतो. बाजारातल्या हॉटेलात रेडिओ होता, त्याच्याभोवती आम्ही पोरं उभी राहायचो. इंग्रजाला कोणीतरी हरवलं याचा आम्हाला केवढा आनंद! जपान आता ब्रह्मदेशातून इकडे येणार, घाट चढणार, असं मोठी माणसंही बोलायची. मी धावत घरी आलो आणि उंबऱ्यातूनच ओरडलो, "काकी, जपान जिंकला!" काकी तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, "मंग आपला नाना कोनाकडं रं? जिकला त्यांच्याकडं का हरला त्यांच्याकडं?" मला उत्तर देता आलं नाही. आता मी जपानच्या इतिहासावर दोन जाडजूड पुस्तकं वाचली आहेत. अजूनही देता येत नाही.

सरकारकडून कळलं की तू बेपत्ता. पुढे खालापूरकडचा एक शिपाई जखमी होऊन परत आला. सिंगापूर पडायच्या आधीच त्याला बोटीत घातलं होतं. तो म्हणाला, "त्यांच्या तळावर बाँब पडला. मी बघितलं. तिथं कोन उरलं नाय." त्यानंतर वर्षभरात आपला बैल मेला, बाला ताप लागला, आणि बाच्या स्वप्नात तू यायला लागलास. दारात भिजून उभा राहायचास आणि भात मागायचास. बा भटजींकडे गेला. भटजी म्हणाले, एरवी बारा वर्षं वाट बघायची, पण डोळ्यांनी बघणारा माणूस आहे, तर विधी करून टाका, जीव भुकेला फिरतोय. असल्या माणसाचा देह नसतो म्हणून पळसाच्या पानांचा देह करतात. बाने पळस स्वतः तोडला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. देठांचे हातपाय केले, नारळाचं डोकं केलं, दर्भाने बांधलं आणि धरणाखालच्या ओढ्यावर त्याला आग दिली. आग देताना भटजींना बाचं मनगट धरावं लागलं. तुला त्याने लहानपणी खांद्यावर घेऊन सगळा घाट दाखवला होता.

त्याच दिवशी काकीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. ती म्हणत होती, "मला नाय वाटत मेलाय." पण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि जपान शरण गेल्यावर पुढच्या उन्हाळ्यात तू पळसदरीच्या स्टेशनात उतरलास!

तुला पहिल्यांदा चिमाआजीने बघितलं. ती पाण्याला निघाली होती. तुला बघून तिच्या हातातली कळशी पडली आणि ती "भूत, भूत" करत पळत सुटली. बरं, तू तरी काय करावंस? "आजी, मी हाय" म्हणावं की नाही? तू जागच्या जागी ताठ उभा राहिलास आणि कमरेत वाकून तिला नमस्कार केलास, जपानी शिपायापुढे करायला लावायचे तसा. मग ती आणखी जोरात पळाली. पुढे कितीतरी दिवस तू पोस्टमनपुढे वाकायचास, स्टेशनमास्तरपुढे वाकायचास. पहाटे खळ्यात जाऊन उभा राहायचास आणि इची, नी, सान, शी असे आकडे म्हणायचास. शेजारची पोरं तुझ्यामागे रांग लावून तेच म्हणायची. काकी हसायची. ती तेव्हा खूप हसायची, नाना. ते दिवस मला चांगले आठवतात, कारण ते फार थोडे होते.

भटजींनी उपाय सांगितला होता. ज्याचे विधी झाले तो परत आला तर त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. म्हणजे तुपा-पाण्याने न्हायचं, पाळण्यात बसायचं, बारसं करून घ्यायचं, आणि शेवटी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. की झालं. पहिले विधी रद्द, नवरा जिवंत, काकीचं कुंकू परत. सगळं गाव हा सोहळा बघायला टपलं होतं. सुताराने तर पाळणा भक्कम करून देतो असं आपणहून सांगितलं.

तू आधी हसलास. "माझं डोकं नारळाचं केलंत, मंग अक्कल कुठनं ऱ्हाणार," म्हणालास. मग बाला विचारलंस, "दादा, आग नीट दिलीस? मंत्र पुरं झालं?"

बा म्हणाला, "काय कमी केलं नाय. तुझी शपथ."

"मंग राहू दे ती," तू म्हणालास. "ती मी तंबीला दिली."

घरात कोणाला काही कळेना. तंबी कोण? तेव्हा तू जे सांगितलंस तेवढंच तू कधी नीट सांगितलंस, म्हणून मी ते लिहून ठेवतो. सिंगापूर पडल्यावर तू फौजेचे कपडे टाकलेस आणि रबराच्या मळ्यावरच्या मद्रासी मजुरांत मिसळलास. जपान्यांनी मळेच्या मळे उचलले आणि सयामच्या जंगलात रेल्वे बांधायला नेले. रूळ तुला सोडायला तयार नव्हते. तिथे बांबूला पोतं बांधून माती वाहायची, एक माणूस पुढे, एक मागे. तुझ्यापुढे तंबी असायचा. तुला तमिळ येत नव्हतं, त्याला मराठी येत नव्हतं. मलायी भाषेतले दोन-चार शब्द आणि जपानी आकडे एवढ्यावर तुमचा संसार. तुला ताप भरला की तो बांबूवरचं पोतं हळूच आपल्या बाजूला सरकवून घ्यायचा. तू म्हणालास, "मी त्याची पाठ वळखतो. तोंड येवढं नाय वळखत. पन पाठ कुठं बी वळखीन." मग पटकी आली. तो एका दिवसात गेला. बाकीच्यांबरोबर त्याला खड्ड्यात लोटलं. तू आगीसाठी शिपायापुढे वाकलास तर त्याने दंडुका घातला.

"त्याला कोन आग देनार?" तू बाला विचारलंस. "हितं माझ्या नावची एक फुकट गेलीय. मी तर हाय. मंग ती त्याची. आता मी पाळन्यात बसलो तर ती परत घेतल्यासारखी होईल. दिलेली चीज मी परत घेत नाय."

मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि मला सगळं कळतं असं वाटायचं. मी म्हणालो, "नाना, पळसाला तोटा आहे का आपल्याकडे? तंबीचा वेगळा पुतळा करा, वेगळी आग द्या."

भटजींनाही ते पटलं. ते म्हणाले, "नाव आणि गोत्र सांगा."

"नाव तंबी."

"ते नाव नव्हे. तिकडे धाकट्या भावाला तंबी म्हणतात. खरं नाव?"

"मला काय म्हाईत? तो मला अण्णे म्हनायचा. ते कुठं माझं नाव हाय?"

गोत्र तर दूरच राहिलं. नावागोत्रावाचून विधी होईना आणि तुझी आग तू सोडेनास. सोपं काहीतरी असेल तर ते तुझ्या जवळपास फिरकायचं नाही, नाना.

यात बा बिथरला. बाला तंबीचा राग नव्हता. तू न विचारता दिलंस याचा होता. तो ओटीवरून म्हणायचा, "आग मी दिली. पळस मी तोडला. कोनाला द्यायची ती मी देईन. यानं मला एका शब्दानं इचारलं काय?"

खळ्यातून तुझं उत्तर यायचं, "मेल्या मानसानं काय इचारायचं? आग माझ्या नावची."

"मागितली असती तर दिली नसती काय?"

"दिली असतीस तर मागितली असती!"

ह्याला काय म्हणावं? मी ओटी आणि खळं यांच्यामध्ये वकिली करत फिरायचो. अमेरिकेने जपानवर तसले भयंकर बाँब टाकले आणि तीच अमेरिका त्यांना धान्य पाठवायला लागली, हे मी वर्तमानपत्रात वाचत होतो. एवढी वैरं मिटत होती. पळसदरीत दोन सख्ख्या भावांत तह होत नव्हता. तुम्ही दोघं एका ताटलीतून तंबाखू घेत होतात, एका बैलजोडीवर नांगर धरत होतात, आणि या एका गोष्टीवर मात्र शेवटपर्यंत एक शब्द मागे घेत नव्हतात.

आणि या सगळ्यात काकी. तू म्हणायचास, "लाव की कुंकू. कोन नाय म्हनतंय?" तू म्हणालास म्हणून तिने एकदा लावलं. तिच्या भाच्याचं लग्न होतं, खालापूरला. हळदीकुंकवाचं तबक फिरत आलं. तिच्या वहिनीने तिच्या शेजारणीला लावलं, तिला ओलांडलं आणि पलीकडच्या बाईला लावलं. काकीने घरी येईपर्यंत पदराने कपाळ पुसून टाकलं होतं. त्यानंतर ती म्हणाली, "मी आता मागून लावनार नाय. गावानं पुसलं, गावानं लावावं." जिवंत नवऱ्याला रोज भाकरी वाढत होती आणि गावाच्या हिशेबी विधवा होती. बांगडीवाला दारावरून ओरडत जायचा तेव्हा ती आत जाऊन जात्यावर बसायची. दळायला काही नसलं तरी.

तू हे बघत होतास, नाना. तू आंधळा नव्हतास. मला आजवर कळलेलं नाही की ज्या माणसाला एका मद्राशाची पाठ एवढी ओळखता येत होती, त्याला बायकोचं कपाळ का दिसू नये.

मी तुला सांगून पाहिलं. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आपण धरणाच्या बांधावर बसलो होतो. मी म्हणालो, "माझा ह्या पाळण्यावर विश्वास नाही, बारशावर नाही, पळसाच्या पुतळ्यावर तर नाहीच. पण काकीसाठी बस ना एकदा पाळण्यात. काय जातं तुझं?"

तू म्हणालास, "तुझा इस्वास नाय म्हनून तुला काय जात नाय. माझा हाय."

न मानणारा मी तुझ्या पाया पडत होतो आणि मानणारा तू ऐकत नव्हतास.

मग मी विषय बदलला. टोकियोत जपानी पुढाऱ्यांवर खटला चालला होता. कॉलेजात आमचे दोन तट पडले होते. आपल्या देशातले एक न्यायाधीश तिथे बसले होते, ते आरोपींना निर्दोष ठरवणार अशी बोलवा होती. त्यावरून आम्ही मुलं एकमेकांच्या अंगावर धावून जात होतो. मला वाटलं, ज्याने सोसलं त्याला विचारावं. मी विचारलं, "नाना, त्यांना फाशी द्यावी की नको?"

तू म्हणालास, "त्या मोठ्या लोकांना मी बघितलं नाय. मी बघितला तो दंडुकेवाला. त्याला कोन इचारतंय?"

"त्याला शिक्षा व्हावी असं वाटतं का?"

"एकदा त्यो सयामी बाईच्या शेतात उतरला. बूट काढून. आनि भाताची आवणी कराया लागला. दोरी धरून, सरळ रांगंत. हात कसा चालायचा रं त्याचा! घरचा शेतकरीच. आवणी झाली, बूट घातलं, आनि वर यून तंबीच्या पाठीत घातला एक."

"मग?"

"मंग काय? तेच सांगतोय."

म्हणजे माफ केलंस की नाही? फाशी की नको? मी चिडलो. तुझ्यासारखा माणूस जर निकाल देणार नसेल तर आम्ही पुस्तकं वाचून काय निकाल द्यायचा? तुला मात्र काहीच वाटलं नाही. त्याच वर्षीच्या पावसात तू स्वतःच्या खाचरात दोरी धरून सरळ रांगेत आवणी केली होतीस आणि अख्खं गाव बांधावर उभं राहून हसलं होतं. चिमाआजी म्हणाली होती, "भात लावतोय का रूळ टाकतोय?" ज्याने तुला मारलं त्याच्यासारखी तू आवणी करत होतास. मी विचारलं, हे का? तर म्हणालास, "चांगली व्हती म्हनून." आपला वाद तिथेच राहिला. पुढच्या सुट्टीत तुला गाठायचं असं मी ठरवलं होतं. मुद्देसुद्धा काढले होते. ते आता कोणाला सांगू?

फाशी झाल्याची बातमी आली तेव्हा तू अंथरुणाला खिळला होतास. सयामचा ताप तुझ्या अंगात राहायला आला होता तो गेलाच नाही. काकीने म्हणे तुला बातमी सांगितली. तू फक्त विचारलंस, "जाळलं का पुरलं?"

मी घरी पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. तू ओटीवर होतास. तुझे पाय केवढे बारीक झाले होते. बाया आत, पुरुष खळ्यात. आणि पुन्हा तोच घोळ. भटजी बाला हळू आवाजात सांगत होते, "विधी एकदा झालेत. ते रद्द झाले नाहीत. दुसऱ्यांदा कसे करायचे? देह तेवढा जाळून टाकू. मंत्र नाहीत, दहावं नाही."

आत चिमाआजी काकीसमोर बसली होती. रीत म्हणून हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. फोडायला बांगड्या नव्हत्या, पुसायला कुंकू नव्हतं. ती म्हणाली, "हिचं तर आधीच झालंय गं. आता काय करायचं?" नाना, नवरा दारात मरून पडलाय आणि बायकोकडे करायला काहीच शिल्लक नाही, असं दृश्य मी दुसरं बघितलेलं नाही. काकी रडतही नव्हती. ती जमिनीकडे बघत होती, जसं काही ह्या घरात कोणा परक्याचं कोणीतरी गेलंय.

मला वाटलं, आपण काहीतरी बोलावं. पण बोलला तो बा.

बा ओटीच्या पायरीवर बसला होता, तुझ्या पायाशी. मान वर न करता म्हणाला, "भटजी, ती पहिली आग ह्याची नव्हती."

"मग कोणाची?"

"तंबीची."

"अहो, पण त्याचं नावगोत्र..."

"आमचं लावा," बा म्हणाला. "माझ्या भावानं त्याला भाऊ म्हटलं, मंग तो आमच्या घरचा. आमचं गोत्र, आमचं नाव. आग मी दिलेली, मी सांगतो कोनाची ती. हा..." बाने तुझ्या पायावर हात ठेवला. "हा आज मेला. त्याच्या आधी मेला नव्हता."

एवढंच. एवढं एकच वाक्य, नाना! हेच तीन वर्षं ओटीवर आणि खळ्यात अडकून पडलं होतं. तू एकदा "दादा, देतोस का?" म्हणाला असतास तर बा हेच बोलला असता. बा एकदा "घे जा" म्हणाला असता तर तू खुशाल नवरा म्हणून मिरवला असतास. मला त्या क्षणी रडू आलं नाही. तुम्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं.

भटजींनी मान डोलावली. आत काकीने मान वर केली. ती सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आजी, ऐकलंस? आज मेला म्हनतात."

"व्हय गं."

"मंग काल मी कोन व्हते?"

चिमाआजीने आपला हात पदराखाली घेतला.

"थांबा गं," काकी म्हणाली आणि उठली. कणगीजवळ गेली, भातात कोपरापर्यंत हात घातला आणि फडक्यात बांधलेल्या हिरव्या बांगड्या काढल्या. तू परत आलास त्या आठवड्यात तिने कर्जतच्या बाजारातून त्या आणल्या होत्या. आम्हाला कोणाला माहीत नव्हतं. तुला तरी होतं का? तिने त्या एकेक करून हातात भरल्या. हात आता राबून रुंद झाले होते, बांगड्या चढेनात. दोन फुटल्या. उरलेल्या चढल्या. मग ती चिमाआजीसमोर येऊन बसली आणि कपाळ पुढे केलं. "गावानं पुसलं व्हतं ना? लाव."

चिमाआजीने करंडा मागवला. पहिल्यांदा कुंकू तिनेच पुसलं होतं. आपल्या म्हाताऱ्या बोटाने तिने मोठं थोरलं कुंकू लावलं, हळद लावली. मग दुसरीने लावलं. मग तिसरी पुढे आली. खालापूरची वहिनी रडत रडत पुढे आली, तिलाही काकीने कपाळ दिलं. शेवटी कुंकू नाकावर सांडत होतं. काकी तशीच ओटीवर आली आणि तुझ्या उशाशी बसली. म्हणाली, "आता मी हितं बसनार हाय. घाई करू नका."

कोणी घाई केली नाही. ऊन ओटीवरून खळ्यात सरकलं. तिने तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि हातातल्या बांगड्या मधूनच वाजत होत्या. सगळं गाव बघत होतं. तिथे असून न बघणारा असा तू एकटाच होतास. याचा राग माझ्या मनातून जाईल असं वाटत नाही.

मग ती स्वतःच म्हणाली, "हं. आता करा काय करायचं ते."

तुला धरणाखालच्या ओढ्यावर नेलं. त्याच जागी. बाने आग दिली. ह्या वेळी त्याचं मनगट कोणी धरलं नाही.

दहाव्याला बाने दोन पिंड ठेवले, एक तुझा, एक तंबीचा. बाया आपल्याकडे ओढ्यावर येत नाहीत, पण काकी आली आणि तिला कोणी अडवलं नाही. तंबीच्या पिंडाला कावळा लगेच शिवला. तुझ्याकडे बघेना. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी तुला सांगितलेलं आहे. तरी सांगतो, मला हसू आलं. तिथेसुद्धा तो पुढे आणि तू मागे.

बसलो. ऊन तापलं. बा म्हणाला, "पोराच्या काकीचं आता मी बघतो." कावळा हलेना. बा म्हणाला, "खाचर रांगंत लावीन, दोरी धरून. बस?" कावळा फांदीवर चोच घासत राहिला. भटजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. मला फाशीचा वाद मी सोडतो असं म्हणावंसं वाटलं, पण ते खरं नव्हतं, म्हणून नाही म्हणालो.

शेवटी काकी पुढे झाली. पिंडासमोर उभी राहून, रोज तुला जेवायला हाक मारायची त्याच वैतागल्या आवाजात म्हणाली, "तू मला न इचारता आग दिलीस. मी तुला न इचारता कुंकू लावलं. झालं आता. जेव नायतर नको जेवू, मला घरी कामं हायत." आणि पदर खोचून वळली आणि बांधावरून चालायला लागली.

ती वळेपर्यंत तू आला नाहीस. तिची पाठ दिसली तेव्हाच आलास.